सकाळचं माप

निळं पाणी गुलाबी व्हायला तयार होईना. स्नेहलनं आणखी एक थेंब सोडला, छोटी काचेची बाटली बोटांत धरून हलवली आणि खिडकीच्या उजेडात बघितली. निळंच. आणखी एक थेंब. सिरिंज अगदी सरळ उभी धरायची, असं नवऱ्यानं, समर्थनं, शिकवलं होतं, म्हणून ती श्वास रोखून उभी होती. एरवी ज्या थेंबाला रंग पालटायचा तो केव्हाच पडून गेला होता. आणि मग एकाएकी पाणी गुलाबी झालं. सिरिंजवर उरलेला आकडा आणि पाणी तपासायच्या किटबरोबरचा कागद तिनं दोनदा ताडून बघितला. साडेअकरा. रविवारी हाच आकडा सातवर होता. आठाच्या आसपास राहायला हवा, आणि दिवसाकाठी त्यानं फारसं हलता कामा नये, हे तिला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आकडा चुकल्याचं तिला नवलही वाटलं नाही, कारण गेले काही आठवडे हे रोजचंच झालं होतं. ती लोणावळ्याच्या हॉटेलात रिसेप्शनला उभी राहून पाहुण्यांना खोल्यांच्या किल्ल्या देत असायची आणि मनात मात्र पाणी निळं की गुलाबी हेच चाललेलं असायचं.

ज्या टाकीतलं हे पाणी ती समर्थची होती, काचेची, खाऱ्या पाण्याची. मुलगी, समीक्षा, शिकायला नाशिकला गेली आणि तळेगावातला हा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट दोघांना एकदम मोठा वाटायला लागला, तेव्हा त्यानं ती आणली. आधी स्नेहलला वाटलं होतं, मासे पाळणार असेल. पण मासे नावापुरतेच. खरा जीव होता तो प्रवाळात. हरणाच्या शिंगांसारखी फुटत जाणारी जांभळी, हिरवी, पिवळट झुडपं, आणि ती झुडपं नव्हेत तर जनावरं आहेत, हे समर्थ येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. ही जनावरं पाण्यातून चुना ओढून घेतात आणि त्याची हाडं करून वाढतात. त्यासाठी पाण्यात कॅल्शियम लागतं आणि त्याच्या जोडीला लागते ती अल्कलिनिटी, खारेपणाहून वेगळा असा पाण्याचा एक गुण, ज्याला समर्थ नुसतं 'अल्क' म्हणायचा; स्नेहल थेंबांनी मोजायची ते हेच. दोन्ही बरोबरीनं संपतात, दोन्ही बरोबरीनं घालावी लागतात, पण एका वेळी नाही. एकत्र पडली की पाण्यातच त्यांचा खडू होतो आणि मग दोन्ही वाया. म्हणून सकाळी अल्कची बाटली, संध्याकाळी कॅल्शियमची. आधी हे काम एक छोटा पंप आपोआप करायचा. उन्हाळ्यात लाइट येऊनजाऊन करत होती तेव्हा तो जळाला, आणि नवा आणायच्या आतच समर्थच्या कंपनीनं त्याला होसूरच्या कारखान्यातल्या नव्या लाइनवर चार महिन्यांसाठी पाठवलं. "हातानं घाल तोवर," तो म्हणाला होता. "काही अवघड नाही. माप ठरलेलं आहे."

माप ठरलेलं होतं आणि आकडा मात्र ठरत नव्हता. आधी अल्क चढलं, म्हणून तिनं माप कमी केलं. मग ते इतकं उतरलं की तिनं घाबरून वाढवलं. मग पुन्हा चढलं. कॅल्शियम दर आठवड्याला खाली. पंपावर पांढरी खरपुडी धरली, वाळूचे खडे झाले, आणि शिंगांची टोकं पांढरी पडायला लागली. पांढरं पडणं म्हणजे कातडी जाऊन खालचं हाड उघडं पडणं, हे तिनं कुठल्याशा परदेशी माणसाच्या व्हिडिओत बघितलं आणि नंतर दिवसभर तिला स्वतःच्या बोटांची टोकं बधिर वाटत राहिली. काल रात्री फोनवर समर्थ म्हणाला, "किट हलवून घेतेस ना?" ती म्हणाली, घेते. "मग सिरिंजमध्ये हवा राहत असेल." ती म्हणाली, नाही राहत. "बघ हं स्नेहल. टाकी आपोआप असं करत नाही. कुठंतरी काहीतरी चुकतंय." तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. तिलाही भांडता आलं असतं.

सकाळची बाटली आबा घालायचे. आबा म्हणजे महिपती, तिचे सासरे. आंदर मावळातल्या आपल्या गावात त्यांनी उभा जन्म ग्रामपंचायतीचं पाणी सोडलं. पहाटे विहिरीवरची मोटर चालू करायची, टेकाडावरची टाकी भरायची, तीत जंतू मारणारी टीसीएलची पावडर कालवायची आणि मग आळीआळीनं व्हॉल्व्ह फिरवायचे. सासूबाई गेल्यावर दोन वर्षं ते एकटेच राहिले. शेवटी समर्थनं त्यांना इथं आणलं. इथं करायला काही नव्हतं. ते सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखे बसायचे. नळ सोडून पाण्याचा जोर बघायचे आणि बंद करायचे. सोसायटीचा टँकर आला की खाली जाऊन त्याच्या पाइपाजवळ उभे राहायचे. समर्थ गेल्यावर एकदा स्नेहलची गाडी चुकायची वेळ आली आणि बाटली तिच्या हातातच होती, तेव्हा तेच म्हणाले, "दे हिकडं. जन्मभर गावाच्या टाकीत पावडर टाकली म्या. ही तर येवढुशी टाकी हाय." तिनं माप दाखवलं. त्यांनी ते मान खाली घालून, शाळेतल्या मुलासारखं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते आंघोळ करून, धोतराचा सोगा खोचून टाकीपुढं उभे राहायला लागले. त्यांच्या पाठीला बाक आला होता तोही कमी झाल्यासारखा तिला वाटला. तिला बरं वाटलं होतं. आपण ते त्यांच्या हाती दिलं याचं थोडं कौतुकही वाटलं होतं.

आज तिची दुपारपाळी होती. त्यामुळं ती घरात होती, एवढंच निमित्त. सकाळी अंथरुणात असतानाच बाहेर मापाचा पेला काचेवर टेकल्याचा आवाज तिनं ऐकला होता. मग पाणी पडल्याचा. मग झाकण फिरवल्याचा. ते आवाज ऐकत ती पुन्हा डोळा लागू द्यायला वळली होती. आता, साडेअकराचा आकडा बघून झाल्यावर, ती डबा भरायला स्वयंपाकघरात गेली. पोळीवर तूप लावताना तिनं सहज दारातून बघितलं, तर आबा टाकीपुढं उभे. त्यांनी बाटली घेतली. पेला डोळ्यांच्या रेषेत धरून रेघेपर्यंत भरला. एक थेंब जास्त झाला तो बाटलीत परत सोडला. मग पंपाच्या तोंडाशी, जिथं पाणी जोरात फिरतं तिथं, अगदी सावकाश धार सोडली. पेला विसळला, फडक्यानं पुसला, उपडा ठेवला. सगळं असं नेटकं, असं नवीन, की क्षणभर स्नेहललाच वाटलं, सकाळचा आवाज आपल्याला भासच झाला असावा.

"आबा," ती म्हणाली. "सकाळी घातलं होतं ना तुम्ही?"

"कवा?"

"मगाशी. मी उठायच्या आधी. पेल्याचा आवाज आला मला."

आबांनी उपड्या पेल्याकडं बघितलं. मग तिच्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि लगेच आवरलं गेलं. "ते काल आसंल," ते म्हणाले आणि हसले. "झोपंत व्हतीस तू. सपान पडलं आसंल."

स्नेहलही हसली. हसली हे तिला नंतर फार आठवत राहिलं.

गाडी तळेगावातून सुटली तेव्हा डबा जवळजवळ रिकामाच होता. तिला खिडकी मिळाली. आणि ती टेकून बसली तसा तिला मोकळा श्वास आला. पहिल्यांदा आली ती सुटकाच. आपलं चुकत नव्हतं. किट बरोबर होतं, सिरिंज बरोबर होती, हात बरोबर होता. माप दोनदा पडत होतं, कधी बहुधा तीनदाही, म्हणून आकडा चढत होता. तिनं घाबरून माप घटवलं होतं तेव्हा आबाही बहुधा एकदाच घालत असणार, म्हणून तो उतरला. सगळं जुळत होतं. तिनं फोन काढून समर्थला लिहिलं, 'माझं टेस्टिंग बरोबर होतं.' मग पुढं काय लिहायचं ते सुचेना. वडगाव गेलं. कान्हे गेलं. तुझे वडील विसरतात, असं लिहायचं? पण विसरतं कोण नाही? ती स्वतः परवा गॅस बंद केला की नाही बघायला लिफ्टमधून परत आली होती. आबांनी मागच्या महिन्यात शेजारच्या बाईंना गेलेल्या सासूबाईंच्या नावानं हाक मारली होती, तेव्हा सगळे हसले होते, आबाही. त्यांनी समीक्षाला एकाच दिवशी दोनदा फोन करून तेच विचारलं होतं, तेव्हा समीक्षा म्हणाली होती, आजोबांना माझी आठवण येते गं. तिला वाटलं, प्रत्येक वेळी कुणीतरी काहीतरी चांगलं नाव देऊन ते मिटवलं होतं, आणि सगळ्यात जास्त वेळा आपणच. टाकी तेवढी असलं काही करत नव्हती. तिच्यात जे पडलं ते ती दाखवत होती. लिहिलेलं तिनं खोडून टाकलं. कामशेत आलं, दोन बायका भाजीच्या पाट्या घेऊन चढल्या, आणि एकीनं पिशवीतून औषधाचं पाकीट काढून गोळी तोंडात टाकली, वर बाटलीतलं पाणी प्यायली.

गोळी. आबांची शुगरची गोळी. सकाळी नाश्त्याच्या आधी ती ते आपली आपणच घेतात. ती फक्त महिन्याची पाकिटं आणून फ्रीजवरच्या डब्यात टाकते. डॉक्टर म्हणाले होते, ही घेऊन उपाशी राहायचं नाही, आणि चुकून दोनदा तर मुळीच घ्यायची नाही, साखर एकदम उतरेल. त्यांनी ते तिच्याकडं बघून म्हटलं होतं. ती मान डोलावत होती. आणि आबा हल्ली सारखे झोपतात. उठले की भेलकांडतात. माप दोनदा, तर गोळी किती वेळा? आज किती? आणि आज तर, आज ती त्यांना हसून निघून आली.

मळवलीला ती उतरली. गाडी पुढं गेल्यावर फलाटावर एकदम शांत झालं. समोर विसापूरवर ढग टेकले होते, खाली भातखाचरांत कुणी वाकून काहीतरी करत होतं. परतीची लोकल दुपारशिवाय नव्हती, हे तिला माहीत असूनही तिनं वेळापत्रक वाचलं. आबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना तिला डोळ्यांपुढं सोफा दिसला, सोफ्याच्या कडेला आबांचा लोंबता हात दिसला, आणि टाकीचा निळा उजेड त्या हातावर पडलेला. तिनं सोसायटीच्या वॉचमनला, कैलासला, फोन केला. "जरा वर जाऊन आबांना बघशील? काही नाही, फोन उचलत नाहीयेत." काही नाही, असं आपण म्हणालो, हेही तिला ऐकू आलं. ती रिक्षात बसली. कार्ला फाट्याला पोचेपर्यंत कैलासचा फोन आला. "वैनी, लय येळ बेल वाजवली. आबा उघडीत न्हाईत. आत टीव्ही चालू हाय, आवाज येतोय. काय करू?"

"थांब तिथंच," ती म्हणाली. "मी येतेय."

फाट्यावर वडापची जीप प्रवासी भरायची वाट बघत थांबली होती. रिकाम्या जागांचेही पैसे मी देते, चला, असं ती ओरडली तेव्हा ड्रायव्हरनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि काही न बोलता गाडी काढली. जुन्या हायवेवर ट्रकमागं ट्रक होते. तिनं हॉटेलवर कळवलं नव्हतं. समर्थला कळवलं नव्हतं. काय कळवणार होती? तिला एक भयंकर विचार येत होता आणि ती तो पुन्हा पुन्हा बाजूला सारत होती. तो असा की, सकाळी आबांच्या चेहऱ्यावर जे आलं आणि आवरलं गेलं ते तिनं बघितलं होतं. बघून तिनं डबा पिशवीत टाकला होता. आपल्याला कळलं नाही, असं तिला कधीच म्हणता येणार नव्हतं.

कैलास दाराशी उभा होता. तिनं त्याला बाजूला सारून दार उघडलं. आबा सोफ्यावर होते, डोकं मागं टाकून, तोंड उघडं. टीव्हीवर कुणीतरी कीर्तन करत होतं. स्नेहल दोन पावलांवर थांबली. सदऱ्याचं बटण वर गेलं. खाली आलं. पुन्हा वर गेलं. तिनं कैलासला हातानंच जा म्हणून खूण केली आणि मग आबांच्या खांद्याला हात लावला.

त्यांनी डोळे उघडले. "काय गं पोरी? गाडी चुकली व्हय?"

"चुकली," ती म्हणाली. ती त्यांच्या शेजारी बसली. "आबा, घाम आलाय का? चक्कर? साखर देऊ?"

"साखर कशाला? पानी दे. लय तहान लागती हल्ली."

ती पाणी आणायला गेली आणि आधी फ्रीजवरचा डबा खाली काढला. किती गोळ्या कमी झाल्यात ते तिला बघायचं होतं. पाकिटं तिनं ओट्यावर पसरली. ती भरलेली होती. सगळीच. या महिन्याचं पाकीट तिनं आणलं तसं होतं, त्याच्या खालचं मागच्या महिन्याचंही, आणि एका पाकिटातून तेवढ्या एक-दोन गोळ्या काढलेल्या. ती ते हातात धरून उभी राहिली. गेले तास-दीड तास ती ज्या गोष्टीला भीत होती ती नव्हतीच. जे होतं त्याचा तिला अर्थ लागेना. पाण्याचा तांब्या आणि पाकिटं दोन्ही घेऊन ती बाहेर आली.

"आबा, गोळ्या घेत नाही तुम्ही?"

आबांनी तांब्या घेतला, वरून गटागटा पाणी प्यायले, तोंड पुसलं. टीव्हीकडं बघून म्हणाले, "आदी त्यो बंद कर."

तिनं बंद केला.

"घेतली का न्हाई ह्येच ध्येनात ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. "लय दिस झालं. पाकीट हातात घेऊन हुबा ऱ्हातो. वाटतं, घेतली. मग वाटतं, ती कालची. डाक्टर म्हनला व्हता, दोनदा पोटात गेली तर जागीच आडवं व्हशील. मग म्या ठरवलं, शंका आली की घ्यायची न्हाई." ते थोडं हसले. "आन शंका तर रोजच येती."

"आणि टाकीत?"

"तितं उलटं." त्यांनी टाकीकडं बघितलं नाही. "गावाला पावडर जास्ती पडली तर बाया वरडायच्या, पान्याला वास येतो म्हून. वरडू द्या. पर ऱ्हायली तर पोरं हगवनीनं आडवी पडायची. तवा शंका आली की टाकायचं. त्ये हाताला बसलंय गं. हितंबी तसंच केलं. तू म्हनलीस तवा कळलं मला, दोनदा पडलं आसंल. पर तुझ्या तोंडावर कसं म्हनू, मला आटवत न्हाई?"

गेले कित्येक आठवडे स्नेहल या माणसाच्या शेजारी बसून थेंब मोजत होती. तो आपल्या भीतीला दोन नियम बांधून, एकटा, कुणाला कळू न देता, रोजचा दिवस पार करत होता. तिनं साखर मोजायचं यंत्र आणलं. आबांनी बोट पुढं केलं आणि तोंड फिरवलं. आकडा तीनशेच्या बराच वर आला. तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, दुपारी घेऊन या, आणि विसरण्याचंही मला नीट सांगा, काय काय, कधीपासून, सगळं. तिनं हॉटेलवर आज येत नाही म्हणून कळवलं. मग तांदळाची पेज टाकायला उठली आणि साखर एवढी चढलेली आहे हे आठवून पुन्हा बसली.

"लय नुकसान झालं का त्याचं?" आबांनी विचारलं. आता ते टाकीजवळ गेले होते, काचेला नाक लावून बघत होते.

"टोकं गेलीत काहींची. बाकीचं जिवंत आहे."

"वाढंल?"

"माहीत नाही, आबा. वाढेल बहुतेक. आता मी घालीन दोन्ही वेळचं. तुम्ही समोर बसा. गोळीही मीच देईन, माझ्या हातानं."

"व्हय," ते म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की तिला वाईट वाटलं. ते काही मागतील, थोडी कुरकुर करतील, असं तिला वाटलं होतं. मग ते काचेपासून मागं आले, धोतर नीट केलं आणि विचारलं, "समर्थला सांगनार?"

"सांगावं लागेल."

"सांग." ते दारापाशी जाऊन चपला पायांत सरकवत होते. एक चप्पल उलटी पडली होती, ती त्यांनी अंगठ्यानं सुलटी केली. "पर मी खाली गेल्याव सांग. माझ्यासमूर नगं."

दार लोटलं गेलं. लिफ्टचा आवाज आला. स्नेहल फोन घेऊन खिडकीशी उभी राहिली. खाली पार्किंगमध्ये दुपारचं ऊन होतं, टँकर येऊन गेल्याची ओल अजून वाळली नव्हती. आबा बाहेर येईनात. लिफ्ट चौथ्यावरून तळमजल्याला यायला किती वेळ लागतो? बटण कोणतं दाबायचं ते आठवेल ना त्यांना? वर तर गेले नसतील, गच्चीवर? तिनं खिडकीची कड घट्ट धरली. जावं का? गेलं तर त्यांना कळेल की आपण मागं आलो. आता यापुढं हे असंच राहणार, रोज, हे तिला त्या वेळी पहिल्यांदा नीट उमगलं. मग आबा दिसले. जिन्यानं उतरले असावेत, कठड्याला धरून. ते सावकाश वॉचमनच्या खोपटापर्यंत गेले, कैलासनं त्यांना खुर्ची दिली, आणि त्यानं काहीतरी म्हटलं त्यावर ते मोठ्यानं हसले.

तिनं नंबर लावला. समर्थनं लगेच उचलला. त्याच्या मागं मशिनांची घरघर होती.

"बोल गं. काय झालं, आज पुन्हा चढलं?"

"समर्थ," ती म्हणाली, "जरा बाहेर ये. आणि कुठंतरी बस."